पडद्यावरची गृहिणी, पडद्यामागची मालकीण

आपल्याकडे एखादीला ‘मोठी सतीसावित्री लागून गेलीस!’ असं म्हटलं, की त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरतं. अमेरिकेत गेली साठेक वर्षं असंच एक नाव वापरलं जातं. डोना रीड. ‘ती ना, अगदी डोना रीड आहे,’ असं कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहते. केस नीट बसवलेले, कपड्यांना कडक इस्त्री, ओव्हनमधून नुकतंच काहीतरी गरमागरम बाहेर आलेलं, मुलं वळणाची, नवरा खुशीत आणि बाईच्या चेहऱ्यावर थकव्याची एक रेघसुद्धा नाही. कुणी हे नाव कौतुकाने घेतं, कुणी नाक मुरडून. पण दोघांच्याही मनात असते ती बाई एकच.

गंमत अशी, की डोना रीड ही काही गोष्टीतली बाई नव्हे. ती खरीखुरी नटी होती. सिनेमात ऑस्कर मिळवलेली आणि नंतर टीव्हीवर नाव कमावलेली. १९५८ ते १९६६ अशी आठ वर्षं ‘द डोना रीड शो’ ही मालिका अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर चालली. तिच्यात डोना रीडने डोना स्टोन नावाच्या डॉक्टरच्या बायकोचं काम केलं. बाईचं नाव डोना, भूमिकेचं नावही डोना. लोकांनी दोघींची अशी गाठ मारून टाकली, की ती आजतागायत सुटलेली नाही.

मला ती गाठ सोडवायची आहे. कारण मला विचाराल तर डोना रीडच्या करिअरमध्ये आपल्यासारख्या बायकांनी बघण्यासारखं जे आहे, ते त्या इस्त्रीच्या कपड्यांत नाहीच. ते आहे एका साध्या प्रश्नात. काम कुणी केलं आणि नाव कुणाचं लागलं?

अगदी सुरुवातीपासून बघू या. आयोवा हा अमेरिकेतला शेतीचा प्रांत. तिथल्या डेनिसन नावाच्या छोट्या गावाजवळच्या शेतकरी घरात २७ जानेवारी १९२१ रोजी ही मुलगी जन्मली. नाव डोना बेल मलेंजर. पाच भावंडांतली थोरली. वयात येत होती ते दिवस मोठ्या मंदीचे. धान्याला भाव नाही, हातात पैसा नाही. पोरीला शिक्षिका व्हायचं होतं, पण कॉलेजचा खर्च घराला झेपणारा नव्हता. लॉस एंजलिसला मावशी-आत्यांपैकी कुणी नातलग राहत होती, आणि तिथल्या सिटी कॉलेजची फी परवडणारी होती. म्हणून ती तिकडे गेली. हॉलिवूडच्या ओढीने पळून गेलेली मुलगी नव्हे ही, फी कमी म्हणून गेलेली मुलगी. आपल्या कितीतरी मुली तालुक्याच्या कॉलेजात याच कारणाने जातात, त्यामुळे मला ती लगेच ओळखीची वाटली.

तिथे कॉलेजने तिची ‘कॅम्पस क्वीन’ म्हणून निवड केली, वर्तमानपत्रात फोटो आला आणि स्टुडिओंचे निरोप यायला लागले. वीस वर्षांच्या आतली मुलगी. दुसरी कुणी असती तर वह्या-पुस्तकं तिथेच टाकून निघाली असती. हिने सांगितलं, आधी शिक्षण पुरं करते, मग बघू. तसं केलं आणि १९४१ मध्ये एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला. तिथे नाव बदललं गेलं. पहिल्या सिनेमात ती डोना अॅडम्स होती, मग झाली डोना रीड. लग्नात नाव बदलतं हे आपल्याला माहीत आहे. तिचं नोकरीत बदललं.

त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. सिनेमा कुठला, भूमिका कुठली, फोटो कसा, हे सगळं स्टुडिओ ठरवणार. डोनाच्या वाट्याला आल्या त्या शेजारच्या घरातल्या साध्या, सोज्वळ मुलीच्या भूमिका. त्यांतली सगळ्यात गाजलेली भूमिका १९४६ मधली, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या सिनेमातली. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नायक जेम्स स्ट्युअर्ट. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकट दाखवता यायला लागला आणि दर नाताळात लागून लागून तो अमेरिकेचा लाडका सिनेमा झाला.

त्याची कथा थोडक्यात अशी. जॉर्ज बेली नावाचा भला माणूस एका छोट्या गावात लोकांना घरासाठी कर्ज देणारी संस्था चालवतो. संस्थेची मोठी रक्कम हरवते, तो जीव द्यायला निघतो. तेव्हा एक देवदूत येतो आणि ‘तू जन्मलाच नसतास तर या गावाचं काय झालं असतं’ हे त्याला दाखवतो. जॉर्ज भानावर येतो, घरी परततो, तर दारात सगळं गाव पैसे घेऊन उभं. शेवट गोड. देवदूताला बढती म्हणून पंख मिळतात.

आता माझा प्रश्न. ते गाव जमा कुणी केलं? जॉर्ज पुलावर उभा राहून विचार करत होता आणि देवदूत त्याला फिरवत होता, तेव्हा दारोदार जाऊन नवऱ्याची अडचण लोकांना सांगितली ती त्याच्या बायकोने, मेरीने. म्हणजे डोना रीडने. त्याच्या कितीतरी आधी, बँका बुडायची अफवा उठून लोक संस्थेच्या दारात गर्दी करतात, तेव्हा मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर पुढे करते तीही मेरीच. पडकं, गळकं घर राहण्याजोगं करते, चार मुलं वाढवते, तीही तीच. संस्था वाचली ती मेरीमुळे आणि पंख मिळाले देवदूताला!

याच सिनेमात अजून एक गोष्ट आहे, तिचा मला खरंच राग येतो. जॉर्ज जन्मला नसता तर मेरीचं काय झालं असतं? तर म्हणे ती बिनलग्नाची राहिली असती. चष्मा लावून गावच्या वाचनालयात नोकरी करणारी घाबरट बाई झाली असती. आणि हे आपल्याला दाखवलं जातं मोठ्या आपत्तीसारखं. स्वतःच्या पायावर उभी असलेली, पुस्तकांत रमणारी बाई ही आपत्ती? १९४६ सालच्या मंडळींना तसं वाटलं असेल. आजही काही घरांत वाटतं, हे वाईट.

बाकी डोना स्वतः घाबरट बिलकुल नव्हती. असं सांगतात, की सिनेमात पडक्या घराची काच दगड मारून फोडायचा प्रसंग होता आणि त्यासाठी एक नेमबाज तयार ठेवला होता. हिने स्वतःच दगड उचलला आणि काच खळकन फोडली. शेतावर वाढलेली मुलगी. ज्येष्ठ नट लायोनेल बॅरीमोर यांनी हिला गाईची धार काढता येणार नाही अशी पन्नास डॉलरची पैज लावली आणि हरले, हीही गोष्ट सांगतात. गावाकडच्या मुलीशी पैज लावताना जरा विचार करावा माणसाने!

सोज्वळ भूमिकांचा शिक्का पुसायची संधी आली ती १९५३ मध्ये, ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ या सिनेमात. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. हवाई बेटांवरच्या लष्करी छावणीची गोष्ट. डोनाने त्यात सैनिकांच्या क्लबात काम करणाऱ्या बाईची भूमिका केली. मूळ कादंबरीत ती वेश्या आहे, सिनेमात सेन्सॉरच्या भीतीने ते गुळमुळीत केलं गेलं. पण बघणाऱ्याला कळायचं ते कळलं. ही बाई पै-पै साठवते. कशासाठी? तर गावी परत जाऊन प्रतिष्ठित माणसाशी लग्न करून प्रतिष्ठित घरात राहण्यासाठी. म्हणजे बघा, ‘आदर्श गृहिणी’ व्हायचं स्वप्न बघणारी बाई. त्या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. त्यातलं एक, सहायक अभिनेत्रीचं, १९५४ च्या मार्चमध्ये डोनाच्या हातात आलं.

मग काय, भूमिकांची रांग लागली असेल, असं वाटेल आपल्याला. तसं झालं नाही. ऑस्करनंतर तिच्याकडे आल्या पुन्हा त्याच नायकाच्या मागेपुढे वावरणाऱ्या बायका, बरेचसे घोडे-बंदुकांचे सिनेमे. १९५५ मध्ये ‘द फार होरायझन्स’ सिनेमात तर तिला चेहरा रंगवून साकागाविया या मूळनिवासी स्त्रीचं काम करायला लावलं. आज ते बघवत नाही. मूळनिवासी बाईची गोष्ट सांगायची, पण त्या समाजातली बाई मात्र घ्यायची नाही, हा त्या काळच्या हॉलिवूडचा रिवाज होता. एवढं मोठं बक्षीस मिळूनही चांगलं काम मिळत नाही, हे तिने पुरतं ओळखलं. तेव्हा वय तेहतीस-चौतीस. त्या बाजारात नटीचं वय मोजतात ते दुधासारखं, आज ताजं, उद्या नासलं.

अशा वेळी दोनच वाटा असतात. बोलावणं यायची वाट बघत बसायचं, नाहीतर स्वतःचं दुकान टाकायचं. डोनाने दुकान टाकलं.

नवरा टोनी ओवेन निर्माता होता. दोघांनी मिळून कंपनी काढली, नाव ठेवलं ‘टोडॉन’. टोनीतला ‘टो’ आणि डोनातला ‘डॉन’. स्क्रीन जेम्स या टीव्ही कंपनीच्या साथीने त्यांनी मालिका उभी केली आणि २४ सप्टेंबर १९५८ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. त्या काळच्या कौटुंबिक मालिकांत घरातलं शहाणं माणूस म्हणजे बाप. ‘फादर नोज बेस्ट’ नावाचीच एक मालिका होती, म्हणजे बापाला सगळं कळतं! डोनाच्या मालिकेत गोष्ट चालायची ती आईच्या बाजूने. पुढे ती स्वतः सांगत असे, की आम्ही तेव्हा नियमच मोडले. मुख्य भूमिकेत धडधाकट, खंबीर बाई घेतली आणि रडारडीशिवाय बाईच्या नजरेतून गोष्ट सांगितली.

पहिल्या वर्षी मालिकेचं काही खरं दिसत नव्हतं. दुसऱ्या वर्षी दाखवायचा वार बदलला आणि गाडी रुळावर आली. आठ हंगामांत २७५ भाग झाले. म्हणजे वर्षाला सरासरी चौतीस. एवढ्या भागांत मुख्य काम करायचं, आणि शिवाय कथा कुठल्या, लेखक कोण, दिग्दर्शक कोण, यात लक्ष घालायचं. हे सगळं डोना करत होती. घरी स्वतःची चार मुलं होती, त्यांतली दोन दत्तक घेतलेली. आणि प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून नाव कुणाचं? टोनी ओवेन. डोनाचं नाव नटी म्हणून मोठ्या अक्षरात होतं, मालिकेलाच तिचं नाव होतं. पण निर्मितीच्या ओळीत ती नव्हती. काम होतं, नाव नव्हतं.

या मालिकेची सुरुवातीची नावं दाखवतात तो प्रसंग मी अलीकडे मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितला. फोन वाजतो, डोना जिन्यावरून उतरून घेते, नवऱ्याच्या हाती देते. मुलं येतात, त्यांना डबे-पुस्तकं देते. सगळे आपापल्या कामाला बाहेर पडतात आणि डोना हसून दार लावून घेते. सगळं जग बाहेर, ती आत. बघताना मनात येतं, की अगं, या घरातली खरी नोकरी तर तुझीच आहे. तो डॉक्टर, ती पोरं, हे सगळे तुझ्या कंपनीत कामाला आहेत!

मालिकेत सगळं गुडीगुडी होतं का? होतं. त्यावर झालेली टीका मला बरीचशी पटते. डोना स्टोन ही लग्नाआधी नर्स असते, पण तिने ते काम सोडलेलं आहे आणि त्याचं फारसं काही वाटून घ्यायचं नाही, असा मामला. पैशांची चणचण कधी नाही. शेजारपाजार सगळा गोऱ्यांचा. जे काही बिनसेल ते अर्ध्या तासात सुरळीत. मालिकेचा एक प्रायोजक होता कॅम्पबेल ही डबाबंद सूपची कंपनी. ज्याला सूप विकायचं आहे त्याला स्वयंपाकघरात हसतमुख बाईच हवी, हे उघड आहे. बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ हे पुस्तक १९६३ मध्ये आलं, तेव्हा ही मालिका जोरात होती. शिकलेल्या बायकांना घरात कोंडून ‘यातच तुझं सुख आहे’ असं सांगणाऱ्या मासिकांचा आणि जाहिरातींचा त्यात त्यांनी चांगला समाचार घेतला. पुढच्या पिढीच्या मुलींना डोना रीड हे नाव म्हणजे त्या कोंडण्याची खूण वाटू लागली, यात नवल नाही.

पण या आदर्श प्रतिमा तयार कशा होतात, तेही बघण्यासारखं आहे. त्या काळच्या टीव्हीवरची आई म्हटली, की लोकांना गळ्यातला मोत्यांचा सर आठवतो. तो सर डोनाचा नव्हेच. तो ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या दुसऱ्या मालिकेतल्या आईचा, बार्बरा बिलिंग्स्ली हिचा. आणि ती तो घालायची का? तर तिच्या गळ्याशी एक खळगा होता, कॅमेऱ्यात त्याची सावली पडायची, ती झाकायला. उंच टाचांचे बूटही पुढे तिच्यावर आले ते पडद्यावरची मुलं उंच व्हायला लागली म्हणून. म्हणजे गळ्यावरची सावली झाकायला घातलेले मोती बघून लाखो बायका आपल्या घरातल्या अवताराकडे बघून मनात खट्टू झाल्या असतील. पडद्यावरची बाई नीटनेटकी असते ते तिला मेकअपवाला, केशभूषाकार आणि कपडेपटवाला असतो म्हणून. ती आपल्यापेक्षा गुणी असते म्हणून नव्हे. एवढं जरी आपण ध्यानात ठेवलं, तरी मालिका बघताना जीवाला होणारा निम्मा त्रास कमी होईल.

आणि त्या गुडीगुडी मालिकेतही काही जागा अशा होत्या, की ऐकणारीने कान टवकारावेत. दुसऱ्या हंगामात एक भाग आहे, त्याचं नावच ‘नुसती गृहिणी’ अशा अर्थाचं. रेडिओचा निवेदक बाजारात आलेल्या बायकांच्या मुलाखती घेतोय आणि प्रत्येकीला ‘म्हणजे तुम्ही नुसत्या गृहिणी’ म्हणतोय. डोना स्टोन त्याला हटकते. नुसती म्हणजे काय? ज्या बाईला पुढच्या काळात ‘घरकोंबडी’ म्हणून हिणवलं गेलं, तिनेच हा प्रश्न सगळ्या देशासमोर विचारला होता. स्त्रियांच्या चळवळीचा जोर यायच्या आधी.

पडद्यामागे तर आणखी काही चाललं होतं. टीव्ही आणि सिनेमात बाईने दिग्दर्शन करणं ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट. आयडा लुपिनो ही नटी त्या काळी दिग्दर्शनात पाय रोवून उभी होती. तिने या मालिकेचा एक भाग दिग्दर्शित केला. बार्बरा अॅव्हेडन ही लेखिका या मालिकेसाठी लिहीत होती. पुढे याच बार्बराने बार्बरा कॉर्डे हिच्यासोबत ‘कॅग्नी अँड लेसी’ ही मालिका निर्माण केली, दोन बायका पोलीस अधिकाऱ्यांची. म्हणजे स्वयंपाकघराच्या गोष्टी लिहिता लिहिता हात बसला आणि पुढे त्याच हाताने पोलीस ठाण्यातल्या बायका लिहिल्या.

मालिकेत मुलाचं काम करणारा पॉल पीटरसन मोठा झाल्यावर बालकलाकारांच्या हक्कांसाठी झटणारी ‘अ मायनर कन्सिडरेशन’ ही संस्था १९९० मध्ये काढता झाला. डोनाबद्दल तो कायम मायेने बोलत आला आहे. पडद्यावरच्या आईने सेटवरच्या पोरांकडेही लक्ष दिलं, असं त्यावरून म्हणायला हरकत नाही.

१९६६ मध्ये मालिका संपली. आता कुणालाही वाटेल, की बाई बंगल्यात बसून आराम करेल. पण अमेरिकेत ते दिवस व्हिएतनाम युद्धाचे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना सक्तीने लष्करात नेत होते. डोनाचा थोरला मुलगा त्याच वयाकडे चाललेला. १९६७ मध्ये बार्बरा अॅव्हेडनच्या घरी पंधरा बायका जमल्या आणि ‘अनदर मदर फॉर पीस’, म्हणजे ‘शांततेसाठी आणखी एक आई’, अशी संघटना सुरू झाली. डोना तिच्या म्होरक्यांपैकी एक. या बायकांनी मातृदिनासाठी कार्डं छापली. मला फुलं नकोत, युद्ध थांबवा, अशा आशयाची. ती आपल्या लोकप्रतिनिधींना धाडायची. आधी हजारच छापली होती, महिनाभरात दोन लाखांवर गेली. एका चित्रकर्तीने काढलेलं सूर्यफूल आणि ‘मुलांना आणि सगळ्या जिवंत गोष्टींना युद्ध मानवत नाही’ अशा अर्थाची ओळ या संघटनेचं चिन्ह झाली.

हे डोनाने केलं याचं मला विशेष वाटतं, कारण ती काही पहिल्यापासून बंडखोर नव्हती. १९६४ मध्ये तिने निवडणुकीत पाठिंबा दिला होता बॅरी गोल्डवॉटर या कडव्या उजव्या उमेदवाराला. चारच वर्षांत ती युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थी यांच्या बाजूला उभी होती. आई म्हणून जे दिसलं, त्यावरून तिने मत बदललं आणि चारचौघांत बदललं. आठ वर्षं सगळ्या देशाची आई होऊन जी पत कमावली होती, ती तिने इथे खर्च केली. ‘तुम्ही मला आदर्श आई म्हणता ना? मग आता आई काय म्हणते ते ऐका,’ असंच जणू.

यामागे आणखी एक धागा असावा, असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ती नवी नटी होती, तेव्हा सैनिक तिला पत्रं लिहीत. सुंदर सुंदर नट्या कमी नव्हत्या. पण ही त्यांना घरच्यासारखी वाटायची, गावाकडच्या बहिणीसारखी, मैत्रिणीसारखी. ती गेल्यानंतर घरच्यांना तिच्या सामानात ही पत्रं सापडली. तब्बल ३४१. २००९ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. आयुष्यभर तिने ती जपली आणि बोभाटा केला नाही. ज्या बाईने इतक्या पोरांची पत्रं उराशी धरून ठेवली, तिला दुसऱ्या युद्धात पोरं पाठवताना गप्प बसवलं नसेल.

वैयक्तिक आयुष्यात टोनीशी तिचा १९७१ मध्ये घटस्फोट झाला. १९७४ मध्ये तिने निवृत्त लष्करी अधिकारी ग्रोव्हर अॅसमस यांच्याशी लग्न केलं. कामातून ती बरीचशी बाजूला झाली होती. मग १९८४ मध्ये ‘डॅलस’ या जगभर गाजलेल्या मालिकेकडून बोलावणं आलं. घरातल्या थोरल्या आईचं, मिस एलीचं काम करणारी बार्बरा बेल गेडिस मालिका सोडून गेली होती, तिच्या जागी डोनाला घेतलं. एक हंगाम तिने काम केलं. मग बेल गेडिस परत यायला तयार झाली आणि करार असतानाही डोनाला बाजूला केलं.

वय चौसष्ट. पैशांची ददात नाही. ‘जाऊ दे, कशाला तमाशा,’ असं सांगणारे तिलाही भेटले असतील, ते सगळ्या देशांत असतात. डोना कोर्टात गेली. करार मोडलात, भरपाई द्या. शेवटी तडजोड झाली आणि निर्मात्यांना दहा लाख डॉलरच्या वर रक्कम द्यावी लागली, अशा बातम्या तेव्हा आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. १४ जानेवारी १९८६ रोजी, पासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना ती गेली.

मला या कोर्टाच्या प्रकरणात तिचं खरं रूप दिसतं. जिला आपण गोड हसणारी आई समजतो, ती आपल्या कराराचा कागद नीट वाचून ठेवणारी बाई होती. गोड असणं आणि आपल्या हक्काचं मागणं, या दोन गोष्टी एकाच बाईत असू शकतात. आपल्याला मात्र लहानपणापासून सांगितलं जातं, की दोन्हींतलं एकच निवड.

२००१ मध्ये ‘गिलमोर गर्ल्स’ या अमेरिकन मालिकेत एक भाग डोना रीडवरच होता. आई आणि तरुण मुलगी जुनी मालिका बघत तिची टर उडवतात. मग मुलीला कळतं, की ही बाई आपल्या मालिकेची निर्माती होती, नाव न लावता. टीव्हीचा कारभार बघणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी एक. मग टर उडवणं जरा थांबतं. पस्तीस वर्षांनी का होईना, एका मालिकेने दुसऱ्या मालिकेतली राहून गेलेली ओळ भरून काढली.

पण पस्तीस वर्षं लागावीत कशाला? माझा आक्षेप आहे तो इथे. डोनाचं नाव निर्माती म्हणून लागलं असतं, तर त्या काळी टीव्ही बघणाऱ्या एखाद्या छोट्या गावातल्या मुलीला कळलं असतं, की बाई नुसती पडद्यावर दार लावून आत राहत नाही, ती ते अख्खं घर उभंही करते. ते तिला कळू दिलं गेलं नाही. तिच्यापर्यंत पोचली ती फक्त इस्त्री. श्रेय न देण्यात नुकसान एकट्या त्या बाईचं नसतं, तिच्याकडे बघून शिकू शकल्या असत्या त्या सगळ्यांचं असतं.

आणि ‘नवऱ्याचं नाव लागलं काय नि माझं लागलं काय, घर एकच ना?’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर ती बसते, पाटीवर नाव त्याचं. दूध ती काढते, डेअरीच्या खात्यात नाव त्याचं. पापड-मसाल्याचा धंदा तिचा, बँकेत सही त्याची. भांडण असतं म्हणून असं नव्हे, कुणाच्या मनातच येत नाही म्हणून. डोना आणि टोनीच्या कंपनीच्या नावात तरी दोघं निम्मेनिम्मे होते. श्रेयनामावलीत मात्र ते निम्मं गळून पडलं. घर एकच असतं तोवर ते चालून जातं. घर एक राहिलं नाही, किंवा नवरा राहिला नाही, की मग कागद बोलतात आणि कागद तेवढंच बोलतात जेवढं त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

डेनिसन गावाने तिला विसरू दिलेलं नाही, ही समाधानाची गोष्ट. तिचं ऑस्कर त्या गावात जपून ठेवलं आहे. गावच्या पाण्याच्या टाकीवर तिच्या त्या नाताळच्या सिनेमाचं नाव लिहिलेलं आहे. तिच्या नावाने नाटक-संगीताची आवड असलेल्या मुलांना मदत करणारी संस्थाही निघाली. छान आहे सगळं. पण बाई गेल्यावर टाकीवर नाव लिहिण्यापेक्षा ती असताना योग्य त्या ओळीत ते लिहिलं जावं, एवढंच माझं मागणं.

तेव्हा मैत्रिणींनो, फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहायची वेळ येईल तेव्हा खुशाल लिहा, त्यात कमीपणा नाही. फक्त ‘नुसती’ म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. आणि घरात एखादा धंदा, दुकान, गोठा, जमीन असेल आणि त्यात तुमचे हात राबत असतील, तर या आठवड्यात एकदा ते कागद काढून बघा. करणाऱ्याच्या जागी नाव कुणाचं आहे? तुमचं नसेल, तर चहा घेता घेता, गोड बोलून, पण विषय काढाच.